हवा सुरपुन्तची

जिएरी काद्रूवी गोठ्यात उभा राहून गाईंना भाषण ऐकवत होता. उद्या रविवार, उद्या मतदान. चर्चमधली प्रार्थना झाली की शाळेत गावच्या पुरुषमंडळींपुढे अध्यक्ष म्हणून त्याला चार शब्द बोलायचे होते. विमानांचा सगळा कारभार राज्यघटनेतच लिहून बर्नच्या केंद्र सरकारकडे सोपवायचा की नाही, असा प्रश्न अख्ख्या स्वित्झर्लंडला विचारण्यात आला होता, आणि सुरपुन्त गावाचं उत्तर काय असावं याबद्दल जिएरीच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

"बंधूंनो," तो स्टेला नावाच्या गाईकडे बोट करून म्हणाला, "त्यांनी मोटारींसाठी रस्ता मागितला, आपण दिला नाही. आता हवा मागतायत! या दरीवरची हवा आपल्या आज्या-पणज्यांनी छातीत भरून घेतलीय. ही हवा आपली आहे!"

स्टेलाचं रवंथ चालूच राहिलं. दारात डोक्याला भडक लाल रुमाल बांधून, दुधाची बादली घेऊन त्याची बायको मेंजा उभी होती.

"तुझी आहे ना? मग आधी या गोठ्यातली बाहेर काढ," ती म्हणाली. "मला नाक धरून दूध काढावं लागतं."

"मेंजा, हा राज्यघटनेचा प्रश्न आहे."

"असू दे की. शेण पण तुझंच आहे, ते कधी काढतोस?"

जिएरीने त्याचंही उत्तर द्यायला तोंड उघडलं. बाहेर आधी गुरगुर ऐकू आली, मग खोकल्यासारखे दोन-चार आवाज, मग एकदम सामसूम. छपरावरून एक मोठी सावली सरकली. नवराबायको धावत अंगणात आले आणि पाहतात तो काय, एक विमान चर्चच्या मनोऱ्याला वळसा घालून मुकाट्याने खाली येत होतं आणि सरळ त्यांच्या कुरणात उतरत होतं.

मे महिन्यातलं कुरण म्हणजे आमच्याकडे देवघर. गवत मांडीपर्यंत आलेलं असतं, कापणीला अजून अवकाश असतो, आणि तोवर त्यात कोणी पाऊल टाकत नाही. पोरं टाकत नाहीत, कुत्री टाकत नाहीत, सणाची मिरवणूकसुद्धा कडेच्या दगडी बांधाने वळून जाते. त्या गवतावर हिवाळाभर गाई जगतात. जिएरीच्या कुरणात त्या संध्याकाळी दोन चाकांनी खालपासून वरपर्यंत भांग पाडला.

विमानातून चामडी टोपी घातलेला एक तरुण उतरला. नाव एबर्ली, राहणार झुरिक. तोवर निम्मं गाव बांधावर गोळा झालं होतं.

"घाबरू नका मंडळी!" तो हात हलवून म्हणाला.

"घाबरतंय कोण?" खानावळवाल्या प्लासीने बांधाआडून डोकं वर न काढता विचारलं.

"तेलाच्या नळीत कचरा अडकला होता. फुंकून काढला की झालं. दहा मिनिटांत निघतो. गवताबद्दल माफ करा हं, काका."

इथे जिएरीने नुसती मान डोलावली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि सगळे आपापल्या घरी जाऊन सातूचं सूप प्यायले असते. तो डोलावणारही होता. पण प्लासीला दोन गोष्टींची फार आवड होती. एक, खानावळीत गर्दी. आणि दुसरी, पुढच्या वर्षी रिकामी होणारी अध्यक्षाची खुर्ची. विमान रात्रभर गावात राहिलं तर पहिली मिळत होती आणि जिएरीचा पाय घसरला तर दुसरी.

"अध्यक्ष, एक शंका होती," प्लासी आता बांधावर चढून मोठ्याने म्हणाला. "हे यंत्र उडायच्या आधी इंजिनावर जमिनीवरून धावणार ना? मग आपल्या कायद्याचं काय?"

सगळ्यांच्या माना जिएरीकडे वळल्या. आमच्या ग्राउब्युन्डन प्रांताच्या हद्दीत मोटारीला बंदी. कोणी आणलीच तर इंजिन बंद करायचं आणि पुढे जनावर जुंपायचं. गेल्या उन्हाळ्यात एका बड्या शेठजींची मोटार जिएरीने स्वतः अडवली होती आणि तिला आपले बैल जुंपून पूल ओलांडून दिला होता. शेठजी आत हॅट घालून बसलेले आणि पुढे जिएरी चाबूक घेऊन चाललेला, हे दृश्य पाहायला खालच्या इलान्झहून लोक आले होते. तेव्हापासून दरीभर त्याचं नाव झालं होतं. आता मागे हटायचं म्हणजे त्या नावाला बट्टा.

"कायदा तो कायदा," जिएरी म्हणाला. "इंजिन चालू करता येणार नाही."

"अहो, पण ही मोटार नाही, विमान आहे!"

"वर असतं तेव्हा विमान. खाली दोन चाकं, पुढे इंजिन, आपलं आपण पळतं. याला काय बोकड म्हणायचं?"

बांधावरून टाळ्या पडल्या. इतका मुद्देसूद युक्तिवाद जिएरीला जन्मात सुचला नव्हता. दुर्दैवाने तो त्याच्याच गवतात उभा राहून सुचला.

"मग मी उडू कसा?" एबर्लीने विचारलं.

"उडा की! उडायला कोण नको म्हणतंय? फक्त जमिनीवर इंजिन लावायचं नाही."

एबर्लीने टोपी काढून डोकं खाजवलं. मेंजा नवऱ्याच्या जवळ सरकली आणि ओठ न हलवता म्हणाली, "जिएरी, जरा पाठ फिरव. पाच मिनिटं डोंगर बघ. जाऊ दे त्याला."

"अध्यक्षाला पाठ नसते," जिएरी तसाच ओठ न हलवता म्हणाला.

"मग अक्कल तरी असू दे."

ठरलं असं की विमानाला बैल जुंपायचे आणि गावच्या हद्दीबाहेर नेऊन सोडायचं; तिथून पुढे ते जाणे आणि पलीकडचं गाव जाणे. बैल आणले, दोर बांधला, जिएरीने आरोळी ठोकली. बैल चार पावलं चालले आणि थांबले. त्यांचंही बरोबर होतं. आयुष्यभर ज्या कुरणात त्यांना तोंड घालू दिलं नव्हतं त्याच्या मधोमध मालकाने स्वतः आणून उभं केलं होतं. त्यांनी माना खाली घातल्या आणि मनोभावे चरायला लागले.

"हाण त्यांना!" कोणीतरी बांधावरून ओरडलं.

"हाणतोय की!"

"शेपटी पिरगाळ!"

"कुणाची? बैलाची की विमानाची?"

रेटत, ओढत, शिव्या घालत विमान कुरणाच्या मध्यापर्यंत आलं तेव्हा शाळेचे मास्तर तिनी यांनी हळूच खाकरून विचारलं, "अध्यक्ष, हद्द म्हणजे पूल ना? मग पूल केवढा, पंख केवढे?"

पूल एका गाडीपुरता. पंखांनी तर शाळाही झाकली असती. जिएरीने पुलाकडे पाहिलं, पंखांकडे पाहिलं आणि बैलांकडे पाहिलं. बैल तेवढे समाधानी होते.

अशा रीतीने विमान कुरणाच्या ऐन मध्यावर मुक्कामाला राहिलं आणि एबर्ली काद्रूवींच्या घरी. मेंजाने त्याला बटाट्याचा चुरा लोण्यात परतून वाढला, सुकवलेलं मांस पातळ कापून दिलं. पोरगा जेवला आणि माळ्यावर जाऊन झोपला. मेंजाने ताटं बाजूला सारली आणि नवऱ्यासमोर बसली.

"कोणती विकायची ते आत्ताच ठरव. स्टेला की ब्रूना?"

"का विकायची?"

"उद्या रविवार आहे. प्लासीने शेजारच्या दोन्ही गावांना सांगावा धाडलाय. सगळी दरी विमान बघायला येणार आणि आपल्या गवतातून चालणार. जे तुडवलं जाईल ते काय विळ्याने कापणार की खराट्याने झाडणार? हिवाळ्यात दोघींपुरती वैरण उरणार नाही. मग स्टेला की ब्रूना?"

स्टेला जिएरीच्या हातावर जन्मली होती आणि ब्रूनाला त्याने बर्फातून खांद्यावर वाहून आणलं होतं. पण अध्यक्षाला असलं काही तोंडाने म्हणता येत नाही.

"मी स्वतः दाताळं घेऊन बांधावर उभा राहीन," तो म्हणाला.

"आणि शाळेत मत कोण देणार? तू पहिली चिठ्ठी टाकल्याशिवाय गावातलं काळं कुत्रं मत देत नाही."

हे खरंच होतं. सुरपुन्तची रीतच तशी. आधी अध्यक्षाचं भाषण, मग अध्यक्षाची चिठ्ठी, मग बाकीच्यांच्या. भाषणात काय सांगितलं तेच बाकीचे लिहीत, कारण निराळं लिहायचं म्हणजे विचार करायला हवा आणि तोवर सूप निवतं.

मेंजाचं भाकीत खोटं ठरलं नाही. रविवारी सकाळी पाद्रीबाबांचं प्रवचन चालू असतानाच खिडकीतून गाड्यांचा खडखडाट ऐकू यायला लागला. प्रार्थना संपली तेव्हा बांधाजवळ प्लासीची लाल वाईनची पिंपं लागलेली, माणसं पंखाखाली सावलीला बसलेली, कोणी आजोबा शेपटीवर हात फिरवून "कापड चांगलं आहे, पँटला पुरेल" म्हणत होते. जिएरी दाताळं घेऊन धावला. एका कोपऱ्यातून दहा हुसकले तर दुसऱ्या कोपऱ्यातून वीस आत आले.

"अहो, गवत! गवतातून चालू नका!"

"मग कशातून चालू?" शेजारगावची एक बाई म्हणाली. "विमान तर तुम्हीच मध्यात नेऊन ठेवलंय!"

तेवढ्यात शाळेची घंटा झाली. जिएरीने दाताळं मेंजाच्या हाती दिलं. "सांभाळ," एवढंच म्हणाला आणि गेला. जाताना त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मघाशी बांधावरून दिसलं होतं तेच पुरेसं होतं.

शाळेत पुरुषमंडळी पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसली होती. बायकांना मत नव्हतं, त्यामुळे त्या बाहेर होत्या, आणि त्या बाहेर काय करताहेत याचा विचार करायची कोणाला सवय नव्हती. जिएरीने खिशातून चिठ्ठी काढली. त्यावर त्याने घरूनच पेन्सिलने ठसठशीत 'नाही' लिहून आणलं होतं. ती हातात धरून त्याने सुरुवात केली.

"बंधूंनो! त्यांनी रस्ता मागितला, आपण दिला नाही. आता हवा मागतायत..."

"हवा राहू दे, गवताचं काय?" मागच्या बाकावरून प्लासी म्हणाला. हशा पिकला.

"गवत माझं खाजगी आहे," जिएरी म्हणाला. त्याचा आवाज किंचित चिरकला, पण त्याने सावरून घेतलं. "हवा सगळ्यांची आहे. या दरीत काय उडेल आणि काय नाही, हे बर्नमध्ये बसलेल्या माणसांनी का ठरवावं? त्यांनी आपला डोंगर पाहिलाय? आपला वारा खाल्लाय? सुरपुन्तवर जे उडेल ते सुरपुन्तला विचारून उडेल! आपल्या हवेला आवर घालायला आपण समर्थ..."

खिडकीची तावदानं थरथरली. फळ्याखालचे खडू नाचायला लागले. आधी सगळ्यांना वाटलं की भाषणाचाच परिणाम आहे. मग तो आवाज वाढत वाढत असा काही झाला की बाकं उलटीपालटी करत सगळे खिडक्यांकडे धावले.

कुरणात इंजिन चालू होतं. आणि विमानाच्या शेपटीला गावातल्या समस्त बायका लोंबकळत होत्या. रविवारचे काळे झगे वाऱ्यावर फुगलेले, डोक्यावरचे रुमाल उडालेले, टाचा गवतात रुतवून त्या विमान मागे खेचून धरत होत्या. बघ्यांना बाजूला हाकलायचं काम प्लासीची बायको दाताळ्याने करत होती, आणि जिएरीपेक्षा कितीतरी चांगलं करत होती. एबर्लीने हात वर केला. बायकांनी एकदम शेपटी सोडली. विमान कालच्याच चाकोरीतून उताराने सुसाट निघालं, दोनदा उसळलं, पुलाच्या अलीकडे जमीन सुटली आणि ते वर चढलं.

"गेलं बुवा!" कोणीतरी म्हणालं. "पण मागे कोण बसलंय?"

"लाल रुमाल दिसतोय."

"लाल रुमाल तर..."

एवढा लाल रुमाल सुरपुन्तात एकच होता.

शेजारीण ओना धापा टाकत शाळेच्या उंबऱ्याशी येऊन थांबली. मतदान चालू असताना बाईने आत यायचं नसतं, म्हणून ती शिस्तीत बाहेरच उभी राहिली.

"जिएरी, मेंजाचा निरोप आहे. ती चूर शहराला जाऊन येते. संध्याकाळच्या गाडीने परत. सूप चुलीवर आहे, तळाला लागू देऊ नकोस म्हणाली."

"ती... ती त्यात कशी?"

"त्या पोराला मागे वजन हवं होतं. एकट्याने उडताना मागची जागा रिकामी चालत नाही म्हणे, वाळूची पोती टाकतात. त्याची पोती काल ओढाओढीत फुटली, आता इथे वाळू कोण शोधणार? मी बसते म्हटलं होतं, पण मेंजा भांडली. म्हणाली, गवत माझं, जागाही माझी."

"आणि इंजिन? जमिनीवर इंजिन लावलं! कुणाच्या परवानगीने?"

"परवानगी घ्यायचीच होती रे," ओना म्हणाली. "पण विचारायचं कुणाला? नाही म्हणणारे सगळे इथे शाळेत."

प्लासीला ही संधी सोडवेना. तो छाती काढून पुढे आला. "अध्यक्ष, भर दिवसा कायदा मोडलाय. ज्यांनी ज्यांनी ते यंत्र धरलं, त्या सगळ्यांना आता..." बोलता बोलता त्याची नजर खिडकीबाहेर गेली. त्याची बायको दाताळं खांद्यावर टाकून शाळेच्या दिशेने येत होती. "...म्हणजे, सगळ्यांना असं नाही," प्लासी म्हणाला आणि बाकावर जाऊन बसला. इतरांनीही एकेक करून खिडकीतून आपापली बायको ओळखली आणि तेही बसले.

जिएरी मात्र खिडकीतच उभा होता. बघ्यांची झुंड विमानाच्या मागोमाग पुलाकडे पळाली होती, त्यामुळे कुरण रिकामं पडलं होतं. मधला पट्टा मातीला मिळाला होता, बैलांनी चांगला घास मारला होता, पण दोन्ही कडांचं गवत अजून ताठ उभं होतं. तेवढ्यावर स्टेला आणि ब्रूना दोघींचाही हिवाळा निघाला असता. विमान घालवायचं हे काम त्याला शनिवारी नुसती पाठ फिरवून करता आलं असतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

विमान दरीवर एक गिरकी घेऊन परत आलं, अगदी मनोऱ्यावरून गेलं. मागच्या जागेवरून एक हात निघाला आणि जोरजोरात हलला. जिएरीला भयंकर भीती वाटली. त्याखालोखाल हेवा वाटला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मेंजा एवढी खूश झालेली त्याने कधी पाहिली नव्हती, आणि आता पाहिली ती खालून.

"अध्यक्ष," तिनी मास्तर नम्रपणे म्हणाले, "भाषण अर्धवट राहिलं. आपण म्हणत होतात, आपल्या हवेला आवर घालायला आपण समर्थ..."

जिएरीने हातातल्या चिठ्ठीकडे पाहिलं. मग वर पाहिलं. मग चिठ्ठीचे दोन तुकडे करून खिशात घातले.

"मास्तर, दुसरी चिठ्ठी द्या."

"पण तुम्ही तर 'नाही'..."

"मास्तर, तुमचं लग्न झालेलं नाही, तुम्हाला कळायचं नाही." त्याने बाकावर वाकून मोठ्या अक्षरात 'हो' लिहिलं, घडी घातली आणि पेटीत टाकली. "जमिनीवरची मेंजा मी इतकी वर्षं कशीबशी निभावली. हवेतली मेंजा एका गावाच्या आवाक्यातली नाही. तिथे बर्नच पाहिजे."

कोणी हसलं नाही. बाहेर अंगणात बायकांचा घोळका येऊन थांबला होता आणि पुढच्या खेपेला मागच्या जागेवर कोणी बसायचं यावरून त्यांची आतापासूनच जुंपली होती. प्लासीच्या बायकोचा आवाज सगळ्यात वर होता. प्लासी उठला, मास्तरांच्या टेबलाशी गेला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "मास्तर, मलाही एक नवीन चिठ्ठी द्या."

त्याच्यामागे रांग लागली. मोजणी झाली तेव्हा सुरपुन्तात 'नाही' एकच निघालं, आणि ते मास्तरांचं.